आभा अ‍ॅप, ओपीडीतला क्यूआर कोड आणि बाबांची फाईल: वापरून जे कळलं ते सगळं

आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर आभा कार्डबद्दल इतकं उलटसुलट फिरतंय की म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकावं. बाबांना डायबेटीस आहे, जुना, त्यात आता क्रिएटिनिन (किडनी नीट काम करतेय का ते सांगणारा रक्तातला आकडा) वर जायला लागलंय, म्हणजे मेडिसिन, किडनीवाले, डोळेवाले, पायवाले असं सगळीकडे फिरणं आलं. थोडं पालिकेच्या हॉस्पिटलात, थोडं खासगीत, आणि ब्लड टेस्ट लालबागच्याच एका लॅबमध्ये. त्यामुळे या डिजिटल प्रकाराचा फायदा व्हायचा तर आमच्यासारख्यांना आणि अडायचं तर तेही आमच्यासारख्यांचंच. हॉस्पिटलांची नावं मुद्दाम घेत नाहीये कारण एकाच हॉस्पिटलात एक डिपार्टमेंट मस्त चालतं आणि शेजारच्या खिडकीवर काहीच चालत नाही, नाव घेऊन सगळ्यांना एका मापाने मोजणं बरोबर नाही.

सगळ्यात आधी, आभा म्हणजे आयुष्मान कार्ड नाही. हे दोन वेगळे आहेत आणि निम्मा गोंधळ इथेच आहे. आयुष्मान कार्ड म्हणजे विम्याचं, २०१८ साली सुरू झालेली योजना, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत अ‍ॅडमिट झाल्यावरचे उपचार, आणि ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, त्यांचं वेगळं वय वंदना कार्ड मिळतं. आभामध्ये एक रुपया नाही. तो १४ आकडी नंबर आहे, तुमच्या तब्येतीच्या कागदांना जोडायचा, बस. आमच्या मजल्यावरच्या काकूंना कोणीतरी सांगितलं की आभा काढलं की ऑपरेशन फुकट होतं, आणि एकाने तर ते काढून द्यायचे पैसे मागितले. आभा काढायला पैसे लागत नाहीत, कोणी मागत असेल तर सरळ उठून निघा. आणि ते सक्तीचंही नाही, नसलं म्हणून सरकारी हॉस्पिटलात कोणी परत पाठवू शकत नाही.

आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं २७ सप्टेंबर २०२१ ला, चालवतं राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण. कोविडमध्ये लसीचं सर्टिफिकेट फोनवर बघायची सवय आपल्याला लागलीच होती, त्यामुळे नंबर काढायचा प्रकार फार नवीन वाटत नाही. आधारवर ओटीपी येतो, तो टाकला की नंबर तयार, सोबत एक पत्ता मिळतो ईमेलसारखा, शेवटी अ‍ॅट एबीडीएम असं येतं. ज्यांच्या आधारला चालू मोबाईल लिंक आहे त्यांचं बसल्या जागी होतं. पण म्हाताऱ्या माणसांचं नेमकं इथेच अडतं. बाबांच्या आधारला जो नंबर होता तो कधीच बंद झालेला, म्हणजे ओटीपी कोणाकडे जातोय तेच माहीत नाही. हॉस्पिटलच्या डेस्कवर बोटाच्या ठशावर पण काढून देतात, पण बाबांनी सगळं आयुष्य छापखान्यात काढलं, शाई आणि रॉकेल, बोटांच्या रेषा पुसून गेल्यात, मशीन काही घेईना. शेवटी आधार केंद्रात जाऊन मोबाईल बदलून घेतला तेव्हा कुठे काम झालं. म्हणून सांगते, घरात कोणी वयस्कर असेल तर आभाच्या आधी आधारचा मोबाईल तपासा.

आता क्यूआर कोडचं. याला स्कॅन अँड शेअर म्हणतात, २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये दिल्लीच्या लेडी हार्डिंगच्या ओपीडीत सुरू झालं आणि मग सगळीकडे पसरलं. मुंबईत ज्यांनी केसपेपरची लाईन बघितलीय त्यांना याची किंमत कळेल. कसारा कर्जत विरारहून पहाटेची लोकल पकडून लोकं येतात, खिडकी उघडायच्या आधी लाईन गेटपर्यंत, आणि ती लाईन फक्त नाव गाव वय सांगायला! डॉक्टर अजून लांबच. क्यूआर असेल तिथे काय होतं की भिंतीवर पोस्टर असतं, अ‍ॅप उघडायचं, स्कॅन करायचं, स्क्रीनवर दाखवतं की तुमचं नाव, वय, पत्ता, मोबाईल एवढं हॉस्पिटलला जाणार आहे, तुम्ही हो म्हटलं की टोकन नंबर येतो. मग त्या टोकनच्या खिडकीवर नंबर आला की जायचं, क्लार्कच्या समोर सगळं आधीच भरलेलं असतं, तो फक्त विचारतो कुठल्या डिपार्टमेंटला, आणि प्रिंट हातात. मधल्या वेळात बाबा पंख्याखाली बाकड्यावर बसलेले. गुडघे दुखणाऱ्या माणसाला उभं न राहता केसपेपर मिळाला यातच मी खूश होते.

आणि एक फायदा जो कोणी सांगत नाही, नावाचं स्पेलिंग. बाबांच्या नावात क्ष आहे. गर्दीच्या वेळी क्लार्क ऐकतो आणि टाईप करतो, कधी एक्स लावून कधी केएसएच लावून, वडिलांचं नाव कधी आहे कधी नाही, त्यामुळे आमच्याकडे एकाच माणसाची तीन स्पेलिंगं असलेली कागदपत्रं होती. मेडिक्लेमवाल्यांना एवढं कारण पुरतं, फाईल अडवून ठेवली आणि एकच माणूस आहे असं लिहून द्यायला लावलं. स्कॅन केल्यावर नाव जसं आधारवर तसंच केसपेपरवर येतं. छोटी गोष्ट वाटते पण क्लेमच्या वेळी हीच गोष्ट जीव खाते.

पण अहो, हॉस्पिटलात लाईन एक नसते. केसपेपरनंतर ओपीडीच्या बाहेरची लाईन, मग टेस्ट लिहून दिल्या की पैसे भरायची लाईन, मग रक्त द्यायची, मग रिपोर्ट घ्यायला दुसऱ्या दिवशी परत, मग औषधाच्या खिडकीची. क्यूआर कोड यातली पहिली सोडवतो. पुढच्या तशाच्या तशा. परळच्या टाटामध्ये पेशंटला स्मार्ट कार्ड देतात, पैसे आधी त्यात भरायचे आणि टेस्टला त्यातून कापले जातात, म्हणजे दर टेस्टला कॅश काउंटर नाही. असं काहीतरी बाकीच्या लाईनींसाठी पण हवं. नुसतं दारावर टोकन देऊन आत सगळं जुनंच ठेवलं तर माणूस बाहेर कमी आणि आत जास्त थांबतो.

शिवाय जिथे हे नीट चालत नाही तिथे फार वाईट वाटतं. एका हॉस्पिटलात पोस्टर होतं पण ओपीडीचा हॉल असा आत की फोनला रेंजच नाही, स्कॅन करायला लोकं गेटपर्यंत जात होती आणि तेवढ्यात नंबर गेला की परत पहिल्यापासून. दुसऱ्या एका ठिकाणी टोकन आलं, खिडकीवर गेले तर तिथे कोणीच बसलेलं नाही, शेजारच्या खिडकीवाला म्हणाला साध्या लाईनीत या. पोस्टर लावलंय म्हणजे सोय झाली असं नाही ना, तिथे माणूस बसवावा लागतो, वायफाय द्यावं लागतं, बंद असेल तर बंद आहे असा बोर्ड तरी लावा.

आणि ज्यांच्याकडे स्मार्टफोनच नाही त्यांचं काय? रांगेत माझ्या मागे एक आजी होत्या, कमरेच्या पिशवीत बटणाचा फोन, नातवाने आभा काढून प्रिंट दिलेली, ती लॅमिनेट करून आणलेली. त्यांना वाटलं हे दाखवलं की आत सोडतात. तिथल्या हेल्पडेस्कच्या मुलीने इतकं छान केलं, आजी बसा म्हणाली, स्वतः जाऊन त्यांच्या नंबरवरून नोंदणी करून आणली. मग मी बघितलं ती हेच करत होती सगळा वेळ, एकाला अ‍ॅप उघडून दे, एकाचा ओटीपी वाच, एकाच्या फोनची जागा भरलेली तर फोटो कुठले डिलीट करायचे ते त्याला विचार. त्या हॉस्पिटलात हे सगळं चालतंय ते या मुलीमुळे चालतंय. जिथे असं कोणी नाही तिथे फोनवाली तरुण माणसं भराभर पुढे जातात आणि म्हातारे तिथेच, हे मला अजिबात पटत नाही.

आता खऱ्या मुद्द्यावर येते. टोकन ही आभाची सगळ्यात छोटी गोष्ट आहे. मोठी गोष्ट म्हणजे रिपोर्ट. बाबांच्या छातीत एकदा अस्वस्थ झालं, कॅज्युअल्टीला नेलं, ईसीजी काढला, रेसिडेंट डॉक्टरने पट्टी बघितली आणि पहिला प्रश्न, जुना ईसीजी आहे का? कारण काही बदल जुनेच असतात, काही आत्ताचे, आणि दोन्हीचे उपचार वेगळे. मी पिशवी उपसली, हिंदमाताच्या दुकानाची ती साडीची पिशवी, त्यात एक्सरे, सोनोग्राफी, चिठ्ठ्या सगळं, ईसीजी सापडला पण कागद पांढरा. ईसीजीचा कागद थर्मल असतो, उष्णतेने उमटलेला, आपल्या एटीएमच्या पावतीचा असतो तसाच, दोन चार वर्षांत उडतो. कडेला पेनाने लिहिलेली तारीख तेवढी शिल्लक होती. बाबांचं काही गंभीर निघालं नाही, पण त्या रात्री त्यांना निरीक्षणाखाली ठेवावं लागलं, दर काही तासांनी परत ईसीजी, परत रक्त. जुनी पट्टी दिसली असती तर डॉक्टरांना ठरवायला सोपं गेलं असतं. (ईसीजीची त्याच दिवशी झेरॉक्स काढा नाहीतर मोबाईलने फोटो घ्या, हे आभा असो नसो, सगळ्यांना सांगते.)

आभाचं काम हेच असायला हवं. लोकांना वाटतं सगळे रिपोर्ट दिल्लीत एका कॉम्प्युटरवर जातात, तसं नाहीये. रिपोर्ट ज्याने केला त्या हॉस्पिटलच्या किंवा लॅबच्याच सिस्टीममध्ये राहतो, तुमच्या आभाला फक्त त्याची जोडणी होते, लिंक म्हणतात. मग तुम्ही तो अ‍ॅपवर बघू शकता, आणि दुसऱ्या डॉक्टरला बघायचा असेल तर त्याच्याकडून तुम्हाला विनंती येते, कोण मागतंय, कशासाठी, कुठल्या प्रकारचे कागद, चिठ्ठी की लॅब रिपोर्ट की डिस्चार्ज समरी, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंतचे, आणि परवानगी किती दिवस. हे सगळं तुम्हाला कमी जास्त करता येतं आणि दिलेली परवानगी नंतर काढूनही घेता येते. ही रचना मला मनापासून आवडली. बाबांचे डोळ्याचे डॉक्टर शुगर बघोत, त्यांना बाकीची फाईल कशाला.

पण प्रत्यक्षात आमच्याकडे काय झालं? लालबागच्या लॅबने पहिल्यापासून सगळं जोडलं, एचबीए१सी (म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर), क्रिएटिनिन, लघवीतलं प्रोटीन, तारखेनिशी अ‍ॅपवर दिसतं. खासगीतल्या एका हॉस्पिटलने डिस्चार्ज समरी जोडली. आणि ज्या मोठ्या सरकारी ठिकाणी आम्ही सगळ्यात जास्त जातो तिथून टोकन रोज मिळतं, रिपोर्ट एकही नाही. अ‍ॅपवर त्या हॉस्पिटलचं नाव दिसतं, उघडलं की आत रिकामं. म्हणजे दारातली नोंद डिजिटल झाली आणि डॉक्टरने जे लिहिलं ते अजून केसपेपरवर निळ्या पेनने. डॉक्टरांना दोष देत नाही, एका ओपीडीत तो लेक्चरर आणि त्याचे रेसिडेंट इतके पेशंट बघतात की टाईप करायला वेळ कुठे, तिथे टाईप करायला माणूस हवा. पण मग आभाचे नंबर किती निघाले हे मोजून काय उपयोग, त्याला जोडलेले कागद किती ते मोजायला पाहिजे.

जोडलेलं असलं की काय होतं ते पण सांगते. बाबांचा गुडघा धरला होता, नेहमीचे डॉक्टर गावाला गेलेले म्हणून दुसऱ्यांकडे गेलो. ते पेनकिलर लिहीत होते. मी अ‍ॅपवर क्रिएटिनिनची ओळ दाखवली, एक आकडा नाही, दीड वर्षाचे सगळे एकाखाली एक, आणि आकडा हळूहळू वर सरकतोय हे कोणालाही दिसेल असं. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले यांना ही गोळी नको, किडनीला आणखी ताण येईल, आणि लावायचं औषध, शेक आणि साधं पॅरासिटामॉल दिलं. तोंडाने सांगितलं असतं, किडनीचा थोडा त्रास आहे, तर त्यांनी ऐकलं असतं की नाही कोण जाणे. डायबेटीसवाल्या माणसाच्या किडनीचं असंच असतं, एका रिपोर्टमध्ये काही कळत नाही, चढ कळायला सगळे एकत्र लागतात. आमचे किडनीवाले डॉक्टर तर आता आल्या आल्या फोन मागतात आणि आधी तेच बघतात, परत तीच टेस्ट करायला सांगत नाहीत, तो खर्चही वाचला.

तर माझी सगळ्यांना एक विनंती आहे. टोकन घेऊन समाधान मानू नका. रिपोर्ट घेताना काउंटरवर स्पष्ट विचारा, आभाला लिंक केलं का? बऱ्याच ठिकाणी सोय असते पण कोणी मागत नाही म्हणून कोणी करत नाही. आमच्या लॅबमध्ये पण मावशींनी आधी आभा म्हणजे काय असं विचारलं होतं, मालकांना सांगितल्यावर त्यांनी सुरू केलं आणि आता सगळ्यांनाच विचारतात. छोट्या दवाखान्यांना आणि लॅबना जोडून घ्यायचा प्रयोग मिशनने सुरुवातीला ज्या थोड्या शहरांत केला त्यात मुंबई होती, म्हणजे आपल्याकडे पाया आहे.

डेटा चोरीला गेला तर? हा प्रश्न बरोबर आहे आणि त्याला हसून उडवू नये. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर रॅन्समवेअरचा (कॉम्प्युटर कुलूपबंद करून खंडणी मागतात तो प्रकार) हल्ला झाला तेव्हा कित्येक दिवस तिथलं काम हाताने लिहून चाललं होतं. वैयक्तिक डेटाचा कायदा २०२३ ला झाला, पण कायदा आहे म्हणून सर्व्हर पडायचा थांबत नाही. मी स्वतः महत्त्वाचे रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड आणि चालू औषधांची यादी डिजीलॉकरमध्ये पण टाकून ठेवलीय आणि घरी कागदाची फाईलही आहे, पातळ केलेली. ओटीपी कोणालाही फोनवर सांगायचा नाही, आभाचा तर नाहीच.

ई-संजीवनीबद्दल पण ग्रुपवर विचारलं होतं कोणीतरी. ती सरकारची फुकट व्हिडिओ ओपीडी, एप्रिल २०२० पासून घरबसल्या वापरता येते. आम्ही वापरली ती जुलैमध्ये, बाहेर हिंदमाताला पाणी भरलेलं, टॅक्सी मिळत नव्हती आणि बाबांच्या तळपायाला काहीतरी लागलेलं. मोबाईल नंबरने लॉगिन, टोकन, थोडं थांबून एक डॉक्टर आल्या, मराठी बोलणाऱ्या. त्यांनी पाय कॅमेऱ्यासमोर धरायला सांगितला, मग बोटांच्या मधली जागा दाखवा म्हणाल्या, मग टॉर्च लावून परत, मग मला कापसाचा बोळा हळूच फिरवायला सांगून बाबांना विचारलं काका कळतंय का. कळत नव्हतं. त्यांनी ड्रेसिंग कसं करायचं ते सांगितलं, ओल्यात पाय घालायचा नाही हे दोनदा सांगितलं, आणि म्हणाल्या पाणी ओसरलं की प्रत्यक्ष दाखवाच, हे व्हिडिओवर ठेवायचं काम नाही. चिठ्ठी लगेच फोनवर आली, खालच्या केमिस्टने घेतली. मला हे आवडलं की जे व्हिडिओवर होत नाही ते त्या सरळ म्हणाल्या. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिनच्या नियमांत पण तेच आहे, काही औषधं व्हिडिओवर देताच येत नाहीत, आणि प्रत्यक्ष बघायची गरज आहे की नाही ते डॉक्टरने ठरवायचं. व्हिडिओ दोनदा अडकला आणि आवाज मागे पडत होता, पण त्या पावसात तेवढं चालतं.

खासगी हॉस्पिटलांच्या स्वतःच्या अ‍ॅपबद्दल थोडक्यात. अपॉइंटमेंट छान मिळते, रिपोर्ट त्याच संध्याकाळी येतो, पण एका ठिकाणी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली लिंक काही दिवसांनी उघडेना, फोन केला तर म्हणे एक्स्पायर झाली, काउंटरवर येऊन अर्ज करा. रक्त आमचं, पैसे आमचे आणि रिपोर्ट एक्स्पायर? आणि त्या अ‍ॅपवर फुल बॉडी चेकअपच्या ऑफर इतक्या येतात की बाबांच्या फॉलोअपची आठवण त्यातच हरवते. रिपोर्ट आला की लगेच पीडीएफ उतरवून ठेवा.

पाचपैकी द्यायचे झाले तर स्कॅन अँड शेअरला चार, जिथे हेल्पडेस्क आहे तिथे साडेचार. ई-संजीवनीला साडेतीन. रिपोर्टच्या जोडणीला अडीच, आणि ते अडीच आमच्या लॅबच्या जोरावर. सरकारी हॉस्पिटलांनी लॅब रिपोर्ट जरी जोडायला घेतले तरी मी हे उद्या बदलून साडेचार करीन, कारण सगळ्यात जास्त गरज तिथे येणाऱ्या पेशंटला आहे, त्यांच्याकडेच फाईल हरवते, भिजते, गावाला राहते.

वयस्कर माणसाचं आभा काढायला जाताना आधारला लिंक असलेला फोन सोबत न्या, चार्ज करून, आणि नंबर मिळाल्यावर तो केसपेपरच्या फाईलवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा म्हणजे फोन नसला तरी काउंटरवर सांगता येतो. अडलं तर मिशनची हेल्पलाईन १४४७७ आहे. आमच्या बिल्डिंगमधल्या कोणाला काढायचं असेल तर रविवारी सकाळी घरी या, बी विंग, मी बसून काढून देते.